दोऱ्यावरची मिरची

४ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. आई गेल्याचं कळवलं तेव्हा तू दोन ओळी पाठवल्या होत्यास, आणि त्यातली एक माझ्या तब्येतीची चौकशी होती. आता मिरची हवी आहे, तर दोन्ही बाजूंनी भरलेला कागद. असो. फोन करू नकोस हेही तूच लिहिलंस, म्हणून मीही कागदच घेतला.

तिकडे स्वतःची खानावळ काढते आहेस हे वाचून आनंद झाला. खरंच झाला, खवचटपणा नाही. पण आईचा रस्सा करायचा तर 'चार मिरच्या आणि कृती पाठव' एवढ्याने भागत नाही. तू घर सोडलंस तोवर आईने तुला त्या पातेल्याजवळ उभं केलं नव्हतं, म्हणून तुला वाटतंय की ती मिरची चिरून किंवा वाटून घालायची असते. चिरलीस तर तुझं पहिलं गिऱ्हाईक तेच शेवटचं.

आई तिला सासूबाई म्हणायची, आठवतं? बुटकी, सुरकुतलेली, लालभडक, आणि वास मात्र पिकल्या फळाचा. 'सासूबाईंना अख्ख्याच ठेवायच्या. फोडायला गेलात की घर पेटलं.' तर सासूबाई घ्यायच्या लांब देठाच्या. वाटीभर पाण्यात बुडवून हलकेच दाबायच्या. बुडबुडा आला तर कुठेतरी भोक आहे, ती टाकून द्यायची. देठाला सुती दोरा बांधायचा. मांस शिजलं, बटाटे मऊ झाले, की विस्तव कमी करायचा. रस्सा उकळत असताना सोडलीस तर ती पातेल्यावर आपटून फुटते. नुसता थरथरायला लागला की तिला दोऱ्याने आत सोडायची आणि दोरा हातात धरून उभं राहायचं. पातेल्याच्या कानाला बांधायचा नाही. तिचा जाळ बाहेर येतो तसा रस्सा आत शिरतो आणि ती जड होत जाते, आणि ते फक्त बोटाला कळतं. फुटायच्या बेताला आली की वर.

एक मिरची, एक पातेलं. मग ती मागच्या अंगणात पुरून टाकायची. दोरा ज्याच्या हातात, त्याने त्या दिवशीच्या रश्श्याला तोंड लावायचं नाही. आणि एकदा मिरची आत सोडली की दोऱ्याचा हात बदलायचा नाही. का, ते मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, 'तुला चटके खायची हौस आहे का?' म्हणजे तिलाही माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

ताटाशेजारी पेलाभर दूध ठेवायचं, पाणी नाही. पाण्याने आग पसरते.

कृती झाली. मिरच्या मात्र मिळणार नाहीत. आई गेली आणि मागचं झाड आठवड्याच्या आत काडी झालं. बी म्हणशील तर आईने जन्मात एक मिरची फोडली नाही, सगळ्या पुरल्या, आणि पुरलेली एकही कधी उगवली नाही. त्यामुळे नाही म्हणजे नाही. नाकाला झोंबलं तर झोंबू दे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ती पातेल्यापाशीच गेली. भर दुपारी, दोरा हातात होता. स्टुलावर बसली आणि मग मान खाली गेली. मी तिला एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या हाताने तिच्या बोटांतून दोरा घेतला. बाहेर माणसं ताटं मांडून बसली होती, पातेलं कसं नासू देणार? हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. निर्दय वाटतं सांगायला.

तुम्ही दोघी एकाच मातीच्या. ती म्हणाली, बोलावल्याशिवाय उंबरा चढू नकोस. तू म्हणालीस, बोलावशील तेव्हाच येईन. ती बोलावेना, तू येईनास, आणि मधल्या मध्ये मी ताटं वाढत राहिले.

खानावळ छान चालली आहे. पूर्वीपेक्षा गर्दी जास्त आहे. काळजी नसावी.

तुझी,
शेपूट

१९ मार्च

ताई,

तू वकीलच व्हायला हवी होतीस. 'झाड वाळलं, बी नाही, मग गर्दी कशाला जमते? रश्श्यात घालतेस काय?' एवढं विचारायला तू टपालाच्या तिकिटाचे पैसे खर्च केलेस.

ठीक आहे. एक मिरची आहे. फक्त एक.

त्या दिवशी आईच्या हातातून दोरा घेतला, रस्सा झाल्यावर मिरची वर काढली, आणि पुरायला वेळ कुठे होता? खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मग माणसं आली, आईला पोचवलं, स्वयंपाकघराला कुलूप लागलं. बऱ्याच दिवसांनी उघडलं तेव्हा फळीवरचं लिंबू दगड झालं होतं, कांद्यांना कोंब फुटून तेही वाळले होते. सासूबाई मात्र जशाच्या तशा. टपोऱ्या, लाल, तुकतुकीत. मी दोऱ्याला हात लावला. दोरा ओला होता.

पुरायला हवी होती, कळतं मला. पण बाहेर शिंपी येऊन उभा होता. तोच तो, शेजारच्या दुकानातला, अंगाने दरवाजाएवढा आणि आवाजाने मांजरासारखा. म्हणाला, 'आज मिळेल का हो जेवायला?' आता आईचा रस्सा म्हणून माणूस दारात उभा आहे आणि झाड तर मेलेलं. म्हटलं, एक दिवस. एकदा उकळलेल्या मिरचीत असं उरलं असेल तरी किती.

शिंप्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाला, 'तोच.' दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, इथवर रोजचंच. मग त्याने चमचा ताटाला समांतर ठेवला. शेजारच्या माणसाचं ताट हात लांबवून फिरवलं, मांसाची बाजू पुढे येईल असं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'बाह्या वर कर आधी. विस्तवाशी काम आहे, कितीदा सांगायचं?'

ताई, आवाज त्याचाच होता. मांजराचाच. पण मी बाह्या वर केल्या.

त्याने दूध घटाघटा संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, 'अजून भात.' जणू मध्ये काही झालंच नाही.

मी आत जाऊन पोट धरून हसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आईची मेल्यावरही गेलेली दिसत नाही.

मिरची परत खिळ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत पातेल्यात. तिसऱ्या दिवशीही. तिचा जाळ कमी होत नाही, म्हणून गर्दी. झालं समाधान?

हे कोणाला सांगू नकोस. आणि मागू नकोस, देणार नाही.

शेपूट

६ एप्रिल

ताई,

मिरचीची वाफ डोक्यात गेली म्हणतेस. मलाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून मी परीक्षा घेतली.

आईची लोखंडी पेटी होती ना, तिची किल्ली आम्ही सगळीकडे शोधली. म्हणजे मी शोधली, 'आम्ही' कोण असणार. परवा इस्पितळातली नर्स जेवायला आली होती. कामाची बाई, कोणाशी जास्त बोलत नाही, पेपर वाचत जेवते. तिच्या कपाळावर घाम आलेला पाहिला आणि मी वाकून हळूच विचारलं, 'पेटीची किल्ली कुठे आहे?' तिने पेपरवरून नजरही न उचलता सांगितलं, 'पिठाच्या डब्यात. आणि पीठ चाळून घे, त्यात अळ्या झाल्यात.' मग दूध प्यायली आणि पान उलटलं.

किल्ली पिठात होती. अळ्याही होत्या. आता माझी वाफ पिठाच्या डब्यात कशी गेली ते तू सांग.

आता मला जमायला लागलं आहे. एका घासात एकच वाक्य मावतं. जीभ पेटलेली असते तोवर ती असते, जीभ निवली की माणूस आपला आपण. म्हणून प्रश्न पहिल्या टेबलावर विचारायचा आणि उत्तराला थांबायचं. ते कधी तिसऱ्या टेबलावरच्या बस-ड्रायव्हरकडून येतं, कधी कोपऱ्यातल्या घड्याळजीआजोबांकडून. परवा मी ड्रायव्हरला म्हटलं, 'मीठ आज बेताचं आहे ना?' आणि आजोबा मागून म्हणाले, 'बेताचं कसलं, खारट केलंयस.' आजोबांना तर ऐकू येत नाही, ताई.

कोणाला काही आठवत नाही. उठताना म्हणतात, आज जरा जास्तच झालं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. नर्सला मी विचारलं, 'कसं वाटतं जेवताना?' ती जरा विचार करून म्हणाली, 'कोणीतरी आपल्याला बाजूला सरकवून बसतंय असं. पण चव छान आहे.'

मी दोरा आता जास्त वेळ धरते. आई धरायची त्याहून बराच जास्त. जाळ वाढला की वाक्यं लांबतात. ती खूप जड होते, फुटेल असं वाटतं, पण फुटत नाही. उलट खाली ओढते. काल मनगट दुखायला लागलं. एखादं लहान मूल बोट धरून ओढतं ना, तसं.

तुला राग येईल, तरी लिहिते. मी खूश आहे. तू मोठी, हुशार, तुझ्याबद्दल ती लोकांना सांगायची. तू गेल्यावर तुझं नाव न घेण्यातही तूच होतीस. आणि मी आपली होतेच, घरातल्या पाटासारखी. आयुष्यात पहिल्यांदा आई फक्त माझ्याशी बोलते आहे. शिव्याच देते, पण मला देते.

अजून एक गोष्ट ती सारखी म्हणते. ती तुझ्या कामाची नाही.

शेपूट

२२ एप्रिल

ताई,

उंटावरून शेळ्या हाकणं बंद कर. 'दुकान बंद ठेव, डॉक्टरकडे जा, मिरची खोल पुरून टाक.' आणि खाली ते तुझं ठेवणीतलं वाक्य: 'मी आले असते, पण आईने कधी बोलावलंच नाही.'

ते वाक्य वाचलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. म्हणून आता ऐक.

ती तुलाच बोलावते.

पहिल्या आठवड्यापासून. शिंप्याच्या तोंडून, नर्सच्या, ड्रायव्हरच्या. बाकी सगळं बोलून झालं की, किंवा मध्येच, मीठ, किल्ली, बाह्या सगळं सोडून, ती म्हणते, 'थोरलीला बोलव.' मी तुला कळवलं नाही. ते वाक्य सुरू झालं की मी दुधाचा पेला पुढे करते. 'थोरलीला' एवढं ऐकू आलं की माझा हात आपोआप पेल्याकडे जातो. प्या, प्या, भाजलं असेल. माणसं दूध पितात आणि ती जाते.

का केलं, ते विचारू नकोस. तुला माहीत आहे. मी तिचे पाय दाबले, तिची औषधं दिली, तिच्या हातातून दोरा मी घेतला. आणि मरून परत आली तर हाक कोणाला, तर तुला. मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की दोरा आणखी धरला, म्हटलं जाळ वाढू दे, कधीतरी माझ्यासाठीही काही बोलेल.

परवा दुपारी खानावळ भरलेली होती. रस्सा मी कधी नव्हे एवढा कडक केला होता. वाफेनेच माझे ओठ सुजले. वाढून झालं आणि मी खिडकीतून बघत उभी राहिले. नेहमी सू सू, हाश हुश, चमच्यांचा आवाज असतो. तो हळूहळू थांबला. सगळ्यांनी चमचे खाली ठेवले, ताटाला समांतर. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं ते आत स्पष्ट ऐकू आलं. मग सगळ्यांनी माना वळवल्या आणि खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं. सगळ्यांचे डोळे वाहत होते. घड्याळजीआजोबा, नर्स, बँकेतली पोरं, एक अनोळखी जोडपं पहिल्यांदाच आलं होतं, तेही.

म्हणाले, 'थोरलीला बोलव.' एका सुरात नाही, एकामागून एक, टेबलामागून टेबल, जशी ताटं वाढावीत तसं. शेवटच्या टेबलापर्यंत जाऊन परत पहिल्यापासून.

मी दुधाची चरवी घेऊन धावले. पेले भरताना अर्धं दूध जमिनीवर सांडलं. ड्रायव्हरने माझं मनगट धरलं. 'थोरलीला बोलव आणि,' एवढं म्हणाला, तोवर मी पेला त्याच्या तोंडाला लावला होता.

आणि काय, ते मला ऐकायचं नव्हतं. 'आणि तू बाजूला हो,' दुसरं काय असणार.

तर आता तुला कळवलं. तुला आयुष्यभर हवं होतं ते बोलावणं आलं आहे.

शेपूट

३० एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं. 'आईने बोलावलं असेल तर येईनच. इथलं उद्घाटन एकदा होऊन जाऊ दे, पुढच्या महिन्याच्या अखेरीला निघते.'

एवढी वर्षं जे बोलावणं आलं नाही म्हणून अडून बसलीस, ते आलं तर उद्घाटन झाल्यावर. धन्य आहेस.

तोवर काही उरणार नाही. मिरचीची साल पातळ होत चालली आहे. उजेडात धरली तर आत काहीतरी हलल्यासारखं दिसतं, रस्साच असेल. देठाजवळ केसाएवढी रेघ आली आहे. पातेल्यात अजून एकदा सोडली तर फुटेल, आणि मग तिथे जेवणाऱ्या सगळ्यांत ती थोडी थोडी वाटली जाईल आणि संपेल. शिंप्यात थोडी, नर्समध्ये थोडी. माझ्या वाट्याला काय, तर खरकटी ताटं.

म्हणून मी ठरवलं आहे. पातेल्यात नाही, मीच खाणार. अख्खी.

दोरा धरणाऱ्याने तोंड लावायचं नाही, माहीत आहे मला. म्हणूनच ती माझ्या तोंडून कधी आली नाही. सगळ्या गावाला भेटली, मी सोडून. आता मधे कोणी नको. एका घासाएवढी जिभेवर राहते, तर अख्ख्या मिरचीने राहूनच जाईल, नाही का? आणि राहिली की मग थोरली थोरली करायला तिला जागाच उरणार नाही. मीच असेन सगळीकडे.

खानावळ बंद आहे. दाराला आतून कडी घातली आहे. घरातलं दूध मोरीत ओतून दिलं, मधेच माझा धीर सुटायला नको. बाहेर लख्ख ऊन आहे, शिंप्याच्या मशीनचा आवाज येतो आहे. भीती वाटत नाही. थोडी वाटते.

तू आता येऊ नकोस. तुझं बोलावणं तुला पोचवलं, माझं काम झालं.

दोरा सोडला. देठ काढला. तळहातावर ठेवली आहे, गरम लागते.

ताई, गोड आहे. कोणी सांगितलंच नव्हतं, आधी गोड लागते म्हणून. पिकलेल्या फळासारखी. आईलाही माहीत नसणार, तिने कधी

थोरले,

घाबरू नकोस. हात धाकटीचा आहे. अक्षर माझं आहे, तू ओळखशील. मला तुमच्यासारखं लांबलचक लिहिता येत नाही, तरी लिहिते.

हिने अख्खी मिरची चावून खाल्ली. मी नको नको म्हणत होते, पण मला म्हणायला तोंड कुठे होतं.

लोकांच्या जिभेवर मी घासापुरती यायचे. घास निवला की मीही निवायचे. तेवढ्यात एक वाक्य व्हायचं, आणि तेही ही पुरं होऊ द्यायची नाही. थोरलीला बोलव आणि तिच्याबरोबर इथून जा, असं मी म्हणत होते. पहिले दोन शब्द झाले की ही पेला घेऊन धावायची. पुढचं मला कोणी बोलूच दिलं नाही.

तुला बोलवत होते ते माझ्यासाठी नाही. हिला इथून सोडवायला दुसरं कोण आहे? जिवंतपणीच सोडवायला हवी होती. मला सोबत बरी वाटायची, म्हणून ठेवून घेतली, आणि बरं वाटतं हे कधी सांगितलं नाही. मिठावरून बोलले, बाह्यांवरून बोलले. ती मला सगळ्यात जवळची होती. तिला वाटतं मी तिला बघितलंच नाही.

आता आग उतरत नाही. शिंपी दार वाजवत होता. मी खिडकीतून त्याच्याकडे दूध मागितलं, त्याने आणून दिलं. पेला तोंडाशी नेला की दात घट्ट मिटतात. हिचे दात. मी उघडू बघते, ही उघडू देत नाही. मी गेलेली हिला नको आहे. पुन्हा पुन्हा केलं, अर्धं दूध अंगावर सांडलं.

मघापर्यंत ही आत हुंदके देत होती, मला ऐकू येत होतं. आता येत नाही. म्हणून कागद घेतला. शिंपी अजून खिडकीशी उभा आहे, लिहून झालं की त्याच्याकडेच टपालात टाकायला देते. तो माझ्याकडे जरा वेगळं बघतो आहे.

आणखी एक सांगायला हवं. गुडघे दुखत नाहीत. सुईत दोरा ओवता येईल इतकं स्वच्छ दिसतंय. मघाशी उगाचच उठून खोलीत फिरून आले. म्हणून घाई कर. उद्घाटन राहू दे. मी बोलावते आहे, ये.

दाराची कडी काढून ठेवते. आलीस की सरळ आत ये आणि आधी तिला हाक मार, तू लहानपणी मारायचीस तशी. तुझ्यावर रागावलेली आहे, पण तुझं ऐकते. तुझ्या हातून दूध पिईल. मी मधेच बोलायला लागेन, तुझं नाव घेईन, कदाचित रडेन, थोडा वेळ थांब म्हणेन. तू ऐकू नकोस. पेला लाव आणि तिने शेवटचा घोट घेईपर्यंत धरून ठेव. मला तुझ्याशी फार बोलायचं आहे ग, आणि आता मला इथून जावंसं वाटत नाही.

तुझी आई